पुरंदरची बँक आणि बॅन्फशरचा खासदार

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला. कर्ज होते दीडशे रुपयांचे. सावकाराने देशमुखांचे घर पाडायला घेतले आणि गाव बिथरले. त्याच्या शेतावर कोणी कामाला जायचे नाही, त्याच्या दुकानातून काही घ्यायचे नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, त्याच्याकडे पाणी भरायचे नाही, असे गावकऱ्यांनी ठरवले. शेवटी काळूरामला पोलिसांच्या बंदोबस्तात गाव सोडावे लागले. बहिष्काराचे हे लोण आसपासच्या गावांत गेले आणि पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात त्याचा भडका उडाला. जमावाने गुजर सावकारांची घरे-दुकाने फोडली. पण लोकांचा खरा डोळा होता तो कर्जरोख्यांवर. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे बहुतेक ठिकाणी मारहाणही झाली नाही. कागद जाळले की लोक घरी परतत. काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडले.

इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. सहकारी चळवळीसारख्या अनेक गोष्टींची मुळे या दंग्यांत शोधली जातात, आणि ते योग्यच आहे. पण याच दंग्यांचा एक धागा थेट लंडनच्या पार्लमेंटात आणि स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बॅन्फशर नावाच्या एका लहानशा मतदारसंघात जातो. तो फारसा कोणी सांगत नाही. त्या धाग्याचे नाव सर विल्यम वेडरबर्न. ते काँग्रेसचे दोनदा अध्यक्ष झाले, सात वर्षे खासदार होते, आणि आयुष्याची शेवटची तीस वर्षे त्यांनी हिंदुस्थानच्या कामाला दिली. माझे म्हणणे असे की हा माणूस राजकारणी झाला तो पुण्यात, आणि त्याला राजकारणी केले ते पुरंदर तालुक्याच्या नाकारल्या गेलेल्या एका योजनेने.

वेडरबर्न यांचा जन्म २५ मार्च १८३८ रोजी एडिंबरोत झाला. घराणे जुने, स्कॉटिश, आणि इतिहासाचे बरेच ओझे अंगावर असलेले. पणजोबा सर जॉन १७४५ च्या जॅकोबाइट बंडात राजाविरुद्ध लढले आणि कलोडनच्या पराभवानंतर १७४६ साली लंडनमध्ये त्यांना फाशी झाली. त्यांचा मुलगा जमैकात पळून गेला आणि उसाच्या मळ्यांवर गबर झाला. परत येताना त्याने जोसेफ नाइट नावाचा गुलाम स्कॉटलंडला आणला. नाइटने स्वातंत्र्य मागितले, प्रकरण कोर्टात गेले, आणि १७७८ साली स्कॉटलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्कॉटलंडच्या भूमीवर गुलामगिरीला कायद्याचा आधार नाही. हा खटला हरलेले जॉन वेडरबर्न हे विल्यमचे आजोबा. ज्या घराण्याने राजाचा फास भोगला आणि दुसऱ्याच्या गळ्यात साखळीही घातली, त्या घराण्यात हा मुलगा जन्मला.

हिंदुस्थानशी नाते वडिलांपासूनच होते. वडील मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत होते. थोरला भाऊ जॉन पंजाबकडच्या हिसारला कलेक्टर होता. २९ मे १८५७ रोजी, बंडाच्या पहिल्याच महिन्यात, तो, त्याची बायको आणि तान्हे मूल तिघेही मारले गेले. धाकटा विल्यम तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या वयाच्या, त्याच्या वर्गातल्या कितीतरी इंग्रज तरुणांच्या मनात त्या वर्षाने हिंदी माणसाविषयी कायमचा द्वेष पेरला. ज्याच्या घरातले तीन जीव गेले त्याने मात्र तीन वर्षांत त्याच देशाची नोकरी पत्करली. या निर्णयाचा मला फार आदर वाटतो. १८६० साली ते मुंबई इलाख्यात रुजू झाले. पहिली नेमणूक धारवाडची, असिस्टंट कलेक्टर म्हणून. पुढे त्यांनी न्यायखात्याची वाट धरली, १८७४ च्या सुमारास सिंधमध्ये न्यायाधिकारी म्हणून काम केले, आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याचे जिल्हा न्यायाधीश झाले.

पुण्यात ते आले तेव्हा दंग्यांना काही वर्षे होऊन गेली होती. त्यांची कारणे सरकारी चौकशीत पुढे आलीच होती. तीस वर्षांच्या पहिल्या महसुली बंदोबस्ताची मुदत संपली आणि १८६७ साली इंदापुरापासून नव्या आकारणीला सुरुवात झाली. साऱ्याचे आकडे अनेक ठिकाणी एकदम चढले. त्याच्या आधी अमेरिकेतल्या यादवीमुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, कापसाचे भाव आभाळाला भिडले होते. सावकाराने सढळ हाताने दिले आणि शेतकऱ्याने घेतले. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकाराने हात आखडला, आणि तगाद्यांचा पाऊस सुरू झाला. रयतवारीत जमीन शेतकऱ्याच्या नावावर होती, म्हणून ती तारण म्हणून सावकाराला हवीहवीशी वाटू लागली. दिवाणी कोर्टात शेतकरी बहुधा हजरच होत नसे. कागदावर त्याचा अंगठा असे, आणि एकतर्फी हुकूमनामा निघे. त्यातच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी आणि कोळ्यांना हाताशी धरून बंड केले, आणि त्याच वर्षी सरकारने दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू केला.

कायदा चांगला होता. कर्जापायी तुरुंगवास बंद झाला, आणि कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. पण वेडरबर्न रोज कोर्टात बसून एक गोष्ट पाहत होते. कायद्याने शेतकऱ्याला सावकारापासून वाचवले, तरी जूनमध्ये बियाणे घ्यायला आणि बैल मेला तर दुसरा आणायला लागणारा पैसा काही कायद्यातून निघत नव्हता. सावकाराने कर्ज देणेच कमी केले, तर शेतकऱ्याने जायचे कुठे?

या प्रश्नाचे उत्तर त्यांना एकट्याला सापडले नाही, आणि हा भाग महत्त्वाचा आहे. पुण्यात सार्वजनिक सभा १८७० पासून काम करत होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी लवाद कोर्टे उभारली होती, जिथे लोक सरकारी कोर्टाबाहेर आपापसांत तंटे मिटवत. वेडरबर्न स्वतः न्यायाधीश असून या लवाद कोर्टांचे पुरस्कर्ते होते. गावपंचायतीच्या जुन्या व्यवस्थेत न्याय स्वस्त आणि जवळ होता, तो ब्रिटिश कोर्टांनी महाग आणि दूर केला, असे त्यांचे स्पष्ट मत होते. आणि पुण्यात महादेव गोविंद रानडे होते. फडक्यांच्या बंडाच्या काळात रानड्यांकडे सरकार संशयाने पाहत होते, त्यांच्या नाशिक-धुळ्याला बदल्या झाल्या होत्या. तेच रानडे १८८० च्या दशकात याच कर्जनिवारण कायद्याखाली गावोगाव फिरून मुन्सफांचे काम तपासू लागले. शेतकऱ्याच्या कर्जाविषयी त्या वेळी मुंबई इलाख्यात त्यांच्याइतके बारकाईने जाणणारा माणूस विरळा. एक सरकारी स्कॉटिश न्यायाधीश आणि एक सरकारी मराठी न्यायाधीश यांनी एकत्र बसून सरकारपुढे ठेवलेली ती योजना म्हणजे शेतकी बँक.

प्रयोगासाठी पुरंदर तालुका निवडला गेला. योजना अशी होती. एका खास अधिकाऱ्याने तालुक्यातल्या शेतकऱ्यांची जुनी देणी तपासायची, सावकारांशी तडजोड करून खरी रक्कम ठरवायची, आणि ती चुकती करून शेतकऱ्याला एकदाचे मोकळे करायचे. त्यानंतर पुण्यातल्या देशी भांडवलदारांनी उभारलेल्या बँकेने वाजवी व्याजाने कर्ज द्यायचे. वसुली महसूल यंत्रणेच्या मदतीने व्हावी, म्हणजे कोर्टकचेरीचा खर्च वाचेल आणि व्याज कमी ठेवता येईल. सावकाराला या योजनेत शत्रू मानलेले नव्हते. पुण्यातले पैसेवालेच पैसा घालणार होते. फक्त पैसा देण्याची रीत बदलायची होती.

कलकत्त्यात लॉर्ड रिपन व्हाइसरॉय होते आणि अर्थखाते एव्हलिन बेरिंग यांच्याकडे होते. दोघांनाही योजना पटली. इंग्लंडमध्ये जॉन ब्राइटसारख्या वजनदार नेत्याने तिला पाठिंबा दिला. हिंदुस्थान सरकारने १८८४ साली अनुकूल शिफारस करून प्रकरण लंडनला पाठवले, आणि तिथे इंडिया ऑफिसने ते अडवले. खासगी बँकेच्या कर्जाची वसुली सरकारने का करावी, सरकारवर जोखीम का यावी, अशा हरकती निघाल्या आणि पुरंदरची बँक कागदावरच राहिली. बेरिंग पुढे इजिप्तमध्ये लॉर्ड क्रोमर म्हणून सर्वसत्ताधीश झाले. १९०२ साली त्यांच्या अमलात तिथे शेतकी बँक उभी राहिली. पुरंदरच्या शेतकऱ्याला जे नाकारले ते नाईलच्या काठी चालले, ही गोष्ट वेडरबर्न पुढे अनेकदा दाखवून देत.

या नकाराने वेडरबर्न यांना एक गोष्ट शिकवली. पुण्यात पटवून उपयोग नाही, मुंबईत पटवून उपयोग नाही, अगदी व्हाइसरॉयला पटवूनही उपयोग नाही. किल्ली लंडनमध्ये आहे. हिंदी न्यायाधीशांना गोऱ्यांवरचे खटले चालवू देणाऱ्या १८८३ च्या इल्बर्ट विधेयकाला आणि रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणाला त्यांनी उघड साथ दिली होती, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबात त्याची किंमतही मोजली. १८८५ मध्ये मुंबई हायकोर्टात ते हंगामी न्यायाधीश झाले, पण कायमची जागा मिळाली नाही. १८८७ साली मुंबई सरकारचे हंगामी मुख्य सचिव असताना ते निवृत्त झाले. त्या वेळी त्यांचे वय एकोणपन्नास होते. भाऊ डेव्हिड १८८२ मध्ये वारल्यामुळे घराण्याची बॅरोनेट पदवी त्यांच्याकडे आली होती. घरी पत्नी आणि दोन मुली होत्या, सनदी सेवेचे निवृत्तिवेतन होते. ग्लॉस्टरशरमधल्या मेरेडिथ नावाच्या घरात सुखाने राहायला काही हरकत नव्हती. त्याऐवजी ते १८८९ च्या डिसेंबरात पुन्हा मुंबईला आले, ते काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून.

त्या अधिवेशनाचा एक योगायोग लोकांच्या तोंडी राहिला: १८८९ साली प्रतिनिधीही १८८९ च जमले. स्वागताध्यक्ष फिरोजशहा मेहता होते. पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू मांडणारे चार्ल्स ब्रॅडलॉ खास इंग्लंडहून आले होते. पंडिता रमाबाई स्त्री प्रतिनिधींमध्ये होत्या. आणि वेडरबर्न अध्यक्षस्थानी असताना तेहतीस वर्षांच्या टिळकांनी कायदेमंडळांच्या सुधारणेच्या ठरावाला एक उपसूचना मांडली, तिला अनुमोदन दिले तेवीस वर्षांच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. पुढे ज्या दोन नावांनी महाराष्ट्राचे राजकारण दुभंगले ती त्या दिवशी एका उपसूचनेवर एकत्र होती. अध्यक्षीय भाषणात वेडरबर्न यांनी मांडलेली भूमिका साधी होती: आपण या देशाचे मीठ खाल्ले आहे, तेव्हा उरलेले आयुष्य या देशाच्या कामाला द्यायचे. मीठ खाऊन नंतर विसरणारे पुष्कळ असतात. या माणसाने पुढची अठ्ठावीस वर्षे ते शब्द पाळले.

त्याच वर्षी लंडनमध्ये काँग्रेसची ब्रिटिश कमिटी स्थापन झाली होती. वेडरबर्न तिचे अध्यक्ष झाले, ते मरेपर्यंत राहिले. पार्लमेंटच्या अगदी जवळ, पॅलेस चेंबर्समध्ये, कमिटीची कचेरी होती. १८९० पासून ‘इंडिया’ नावाचे पत्र निघू लागले, आधी अनियमित, मग मासिक आणि १८९८ पासून साप्ताहिक. १८७६ च्या दुष्काळावर इंग्लंडात आवाज उठवणारे विल्यम डिग्बी कमिटीचे पहिले सचिव आणि पत्राचे संपादक. काँग्रेसने या कामाला पैसा मंजूर करायचा आणि तो वेळेवर यायचा नाही, हे नेहमीचे. तूट वेडरबर्न स्वतःच्या खिशातून भरत. १९०९ मध्ये गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ लिहिले, त्यात वेडरबर्न यांनी या कामासाठी शरीर, बुद्धी आणि पैसा तिन्ही खर्ची घातल्याची आवर्जून नोंद केली आहे. ब्रिटिश पार्लमेंटाविषयी त्या पुस्तकात पुष्कळ कठोर विचार आहेत, म्हणून ही नोंद अधिक मोलाची.

आता बॅन्फशर. १८९२ च्या निवडणुकीत वेडरबर्न उत्तर एअरशरमधून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि पडले. त्याच निवडणुकीत दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून मूठभर मतांनी निवडून आले. पुढच्या वर्षी बॅन्फशरचे खासदार रॉबर्ट डफ यांची न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली, जागा रिकामी झाली, आणि १८९३ च्या पोटनिवडणुकीत वेडरबर्न निवडून आले. मोरे आखाताच्या काठची मासेमारी गावे, आतल्या बाजूला शेती आणि व्हिस्कीच्या भट्ट्या, असा हा मतदारसंघ. तिथल्या कोळ्याला किंवा कुळाला पुरंदरशी काय देणेघेणे? पण त्यांनी १८९५ मध्येही वेडरबर्न यांना निवडून दिले. खासदाराला त्या काळी पगार नव्हता, तो १९११ मध्ये सुरू झाला. मतदारसंघाचा, लंडनच्या घराचा, कमिटीचा, सगळा भार त्यांचा त्यांनीच सोसला.

पार्लमेंटात गेल्याबरोबर त्यांनी दादाभाईंबरोबर हिंदुस्थानविषयक खासदारांची समिती बांधली. तिची सदस्यसंख्या दीडशेच्या वर गेली होती. २ जून १८९३ रोजी हर्बर्ट पॉल यांनी ठराव मांडला की सनदी सेवेची परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी व्हावी. मंत्रिमंडळाचा विरोध असतानाही तो ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. पुण्या-मुंबईत आनंदाला उधाण आले. मग हिंदुस्थान सरकारने कळवले की हे व्यवहार्य नाही, आणि पार्लमेंटाने मंजूर केलेला ठराव तसाच पडून राहिला. इथे वेडरबर्न यांच्या राजकारणाची मर्यादा उघडी पडते. त्यांची श्रद्धा अशी की नोकरशाही वाईट असली तरी ब्रिटिश जनता न्यायी आहे, तिला वस्तुस्थिती कळली की ती योग्य तेच करील. वस्तुस्थिती कळली, मतही पडले, पण काहीच झाले नाही. तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही. तिला भाबडी म्हणणे मला पटत नाही. त्यांच्या हातात असलेला दुसरा मार्ग कोणता होता? पण टिळकांच्या पिढीला हे आणखी वीस वर्षे पाहत बसणे शक्य नव्हते, हेही तितकेच खरे.

१८९५ साली हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी वेल्बी कमिशन नेमले गेले. दादाभाई, वेडरबर्न आणि डब्ल्यू. एस. केन हे तिघे त्याचे सभासद होते. हिंदुस्थानातून साक्षी देण्यासाठी १८९७ मध्ये दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि गोखले लंडनला गेले. गोखले तेव्हा तीस-एकतीस वर्षांचे, फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक. वाटेत कॅलेच्या स्टेशनात पडून त्यांच्या छातीला मार लागला. त्याही अवस्थेत त्यांनी दिलेली साक्ष इतकी भक्कम होती की वेडरबर्न आणि केन यांनी त्यांची मनापासून तारीफ केली.

आणि मग पुण्याहून पत्रे येऊ लागली.

पुण्यात १८९६ च्या अखेरीपासून प्लेगने थैमान घातले होते. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरत होते, देवघरात बूट घालून जात होते, आजारी माणसांना ओढून नेत होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. इंग्लंडमध्ये संताप उसळला. गोखल्यांना पुण्यातल्या ओळखीच्या, विश्वासू माणसांनी लिहिले होते की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. गोखल्यांनी ही गोष्ट ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितली. वेडरबर्न यांनी त्यांना पार्लमेंटच्या इमारतीतच खासदारांपुढे बोलायला उभे केले. सभागृहात प्रश्न आले, मुंबई सरकारकडे तारा गेल्या, आणि मुंबई सरकारने सगळे साफ नाकारले.

गोखले परत आले तेव्हा मुंबई बंदरात त्यांच्या बोटीवरच पोलीस कमिशनर भेटायला आले. पत्रे पाठवणारे पुढे यायला तयार नव्हते, आणि त्या दिवसांत पुण्यात पुढे येणे म्हणजे काय हे समजणे कठीण नाही. नातू बंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय स्थानबद्ध केले होते, टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहत होता. पुरावा हाती नव्हता. गोखल्यांनी आरोप जाहीरपणे, कोणतीही आडकाठी न ठेवता, मागे घेतले आणि सोल्जरांची माफी मागितली. महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेचे रान उठले. माफी मागितली म्हणून त्यांना भित्रे म्हटले गेले.

वेडरबर्न यांचे काय? एका हिंदी तरुणाच्या शब्दावर त्यांनी ब्रिटिश सैन्यावरचा सर्वांत गंभीर आरोप पार्लमेंटच्या दारापर्यंत नेला होता. आरोप मागे घेतला गेला तेव्हा विरोधकांच्या हातात कोलीत मिळाले. पार्लमेंटातल्या त्यांच्या शब्दाला जी किंमत होती ती त्या उन्हाळ्यात घसरली, आणि ती पूर्वीसारखी पुन्हा झाली नाही. तरीही त्यांनी आणि काँग्रेसचे एक संस्थापक ह्यूम यांनी गोखल्यांना अंतर दिले नाही. पुढे १९०५ मध्ये, १९०६ मध्ये, १९०८ मध्ये गोखले लंडनला गेले की वेडरबर्न त्यांच्यासाठी दारे उघडायला हजर असत. मोर्ले-मिंटो सुधारणांच्या काळात गोखल्यांचा मोर्लेंशी जो संवाद झाला त्याच्यामागे हे जुने, तावून-सुलाखून निघालेले नाते होते. माझ्या मते वेडरबर्न यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग अध्यक्षपदाचा नाही, तो हा आहे.

या सगळ्यात पुरंदर सुटले नव्हते. १८९७ हे राणीच्या राज्यारोहणाचे हीरकमहोत्सवी वर्ष, आणि हिंदुस्थानात दुष्काळाचे. त्या वर्षी वेडरबर्न यांनी दुष्काळावर एक पुस्तिका लिहिली, तिच्या नावातच महोत्सवाच्या पंगतीत बसलेला सांगाडा होता. १९०१ मध्ये लंडनला त्यांनी दुष्काळनिवारणासाठी संस्था उभी केली. त्यांची मागणी तीच, पुण्यातली: गावागावांत जाऊन शेतकऱ्याच्या कर्जाची आणि सोसण्याच्या ताकदीची चौकशी करा. ती चौकशी सरकारने कधीच होऊ दिली नाही. १९०० मध्ये वेल्बी कमिशनचा अहवाल आला, तेव्हा दादाभाई, केन आणि वेडरबर्न यांनी वेगळा, विरोधी अहवाल दिला. त्याच वर्षी त्यांची खासदारकी संपली. ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

१९०४ मध्ये काँग्रेसचे नियोजित अध्यक्ष सर हेन्री कॉटन यांच्याबरोबर ते मुंबईच्या अधिवेशनाला आले. व्हाइसरॉय कर्झननी काँग्रेसच्या अध्यक्षाला भेट नाकारली. नंतर बंगालची फाळणी, स्वदेशी, आणि १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. टिळक मंडालेत, गोखले एकाकी, आणि १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिलेले, अशा वेळी १९१० च्या अलाहाबाद अधिवेशनासाठी बहात्तर वर्षांच्या वेडरबर्न यांना अध्यक्ष म्हणून बोलावले गेले. ते आले. अधिवेशन संपल्यावर १ जानेवारी १९११ रोजी त्यांनी अलाहाबादेत हिंदू आणि मुसलमान पुढाऱ्यांची बैठक घेतली. बैठकीतून टिकाऊ असे काही निघाले नाही. पण नवे व्हाइसरॉय हार्डिंज यांनी काँग्रेसचे मानपत्र स्वीकारले. कर्झननी बंद केलेले दार एवढे तरी उघडले.

ह्यूम १९१२ मध्ये गेले. वेडरबर्न यांनी त्यांचे चरित्र लिहिले, ते १९१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक नोंद आहे: १८७८-७९ च्या सुमारास ह्यूम यांच्या पाहण्यात गुप्त अहवालांचे सात मोठे खंड आले, त्यांत गोरगरिबांमध्ये धुमसणाऱ्या असंतोषाच्या खबरा होत्या. लाला लजपतराय यांनी १९१६ मध्ये ही नोंद उचलली, आणि काँग्रेस म्हणजे साम्राज्याची वाफ सोडण्याची झडप, हा सिद्धांत रूढ झाला. त्या सात खंडांचा वाद अभ्यासकांचा आहे. मला एवढेच दिसते की ज्याने हे लिहिले त्याला असंतोष अहवालांतून समजून घ्यायची गरज नव्हती. सुपे आणि करडे ज्या जिल्ह्यात होती त्या जिल्ह्याचा तो न्यायाधीश होता.

गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये गेले, दादाभाई जून १९१७ मध्ये. ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. पाच महिन्यांनी, २५ जानेवारी १९१८ रोजी, वेडरबर्न मेरेडिथच्या घरी वारले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात टिळक पत्रकार चिरोल यांच्याविरुद्धच्या खटल्यासाठी लंडनला गेले. ब्रिटिश कमिटीने काँग्रेसच्या ठरावांप्रमाणेच चालावे असा त्यांनी आग्रह धरला, तिची नवी घडी बसवली आणि पैशाचीही व्यवस्था केली. वेडरबर्न यांच्या मागे त्यांची संस्था सावरायला धावले ते नेमस्तांचे सर्वांत कडवे टीकाकार. पण काळ बदलला होता. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा मार्ग पक्का केला आणि परदेशातली कमिटी व ‘इंडिया’ दोन्ही बंद करायचे ठरवले. १९२१ मध्ये पत्राचा शेवटचा अंक निघाला. १८९३ मध्ये पार्लमेंटाने मंजूर केलेली परीक्षा हिंदुस्थानात प्रत्यक्ष झाली ती १९२२ साली, अलाहाबादला.

शेतकी कर्जाचे म्हणाल तर १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. लल्लूभाई सामळदास आणि विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९११ मध्ये मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक काढली, तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. पुण्याच्या भांडवलाने शेतकऱ्याला वाजवी व्याजाने पैसा द्यायचा, ही १८८२ ची कल्पना तिथे वेगळ्या रूपात उभी राहिली. फरक एवढाच की वेडरबर्न आणि रानडे यांच्या योजनेत आधी जुने कर्ज फेडून शेतकऱ्याला मोकळे करण्याचे कलम होते. सहकारी कायद्यात ते नव्हते. जुने कर्ज डोक्यावर ठेवूनच शेतकरी नव्या सोसायटीचा सभासद झाला, आणि कित्येक गावांत सोसायटीचे कर्ज सावकाराच्या घरी गेले. इंडिया ऑफिसने ती योजना अडवली, त्याची किंमत महाराष्ट्राचा शेतकरी पुढच्या कितीतरी पिढ्या देत राहिला.